जुन्या चेनसॉचे आयडलिंग बिघडले, तर स्क्रू फिरवण्याआधी हवेची गळती शोधा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

जुन्या पेट्रोल चेनसॉचे इंजिन आयडलिंगला, म्हणजे ट्रिगर सोडून रिकामे चालताना, स्थिर राहत नाही, ही तक्रार अशी करवत वापरणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी करावी लागते. ट्रिगर सोडला तरी फेरे लगेच खाली येत नाहीत, आले तर एकदम कोसळतात, कधी इंजिन बंद पडते, तर कधी कोणी हात न लावता आपोआप रेस होते. यावर सर्रास केला जाणारा उपाय एकच आहे. आयडलिंगचा स्क्रू आत फिरवायचा आणि इंजिन बंद पडेनासे झाले की दुरुस्ती झाली असे मानून कामाला लागायचे. या उपायाने मूळ बिघाड जात नाही, तो फक्त ऐकू येईनासा होतो, आणि पुढे त्याची किंमत पिस्टन आणि सिलिंडरला मोजावी लागते. म्हणून या बिघाडाचे निदान कोणत्या क्रमाने करावे आणि हवेच्या गळतीची तपासणी कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाच्या, स्क्रूंना हात लावण्याआधी का व्हावी, हे आपल्या वाचकांपुढे मांडण्याची परवानगी असावी.

आयडलिंगच्या वेळी थ्रॉटलची चकती जवळजवळ मिटलेली असते. चेनसॉचे इंजिन या अवस्थेत साधारणपणे मिनिटाला २,५०० ते ३,००० फेरे घेते आणि पूर्ण थ्रॉटलला अनेक करवतींत हेच फेरे १२,००० च्या पुढे जातात. चकती मिटलेली असताना इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल दोन्ही अगदी थोडे असते, त्यामुळे कुठल्यातरी फटीतून चोरून आत शिरणारी जराशी हवासुद्धा एकूण मिश्रणाचा मोठा भाग ठरते. पूर्ण थ्रॉटलला तीच गळती एकूण हवेच्या तुलनेत लहान असते आणि कानाला जाणवत नाही. म्हणूनच करवत लाकडात चांगली चालते, फक्त आयडलिंगला त्रास देते, असे म्हटले जाते तेव्हा त्यात समाधान मानण्यासारखे काही नसते. लाकूड कापतानाही ती हवा आत येतच असते आणि त्या वेळी इंजिनावर सर्वांत जास्त भार असतो.

टू-स्ट्रोक इंजिनात हा प्रश्न अधिक गंभीर होतो, याचे कारण त्याच्या रचनेत आहे. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या बंद कवचात, येते, पिस्टन खाली येताना तिथे दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये निर्वात तयार होतो आणि त्याच ओढीने नवे मिश्रण आत येते. याचा अर्थ क्रँककेस हा हवा आत घेण्याच्या मार्गाचाच एक भाग आहे आणि त्याला कुठेही छिद्र असणे म्हणजे कार्बोरेटरला वळसा घालून हवा आत येण्याची वाट मोकळी असणे. शिवाय वंगण वेगळ्या साठ्यात नसून पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले, म्हणजे कारागिरांच्या भाषेत मिश्रण लीन झाले, की उष्णता वाढते आणि त्याच वेळी पिस्टनला मिळणारे तेलही घटते. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या की पिस्टनवर ओरखडे उमटतात, बहुधा सायलेन्सरच्या बाजूने, आणि अखेरीस तो सिलिंडरमध्ये पकडला जातो.

अनियमित आयडलिंग हा एकच आजार नाही, आणि कान देऊन ऐकले तर त्याचे प्रकार वेगळे ओळखता येतात. टू-स्ट्रोक इंजिन आयडलिंगला थोडेसे असमान चालणे हे मुळात स्वाभाविक असते, कारण जळलेला वायू सिलिंडरमध्ये उरतो आणि प्रत्येक फेऱ्याला पूर्ण ज्वलन होत नाही. ही बारीक असमानता बिघाड समजू नये. मात्र ट्रिगर सोडल्यावर फेरे वर अडकून राहत असतील आणि हळूहळू उतरत असतील, किंवा करवत जमिनीवर ठेवलेली असताना फेरे लाटेसारखे चढत-उतरत असतील, तर मिश्रण लीन आहे असे धरून चालावे. याउलट इंजिन काही वेळ चालून जड होत असेल, धूर वाढत असेल, ट्रिगर दाबला की गुदमरून मग पकड घेत असेल आणि प्लग ओला व काळा निघत असेल, तर पेट्रोल जास्त येत आहे. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, असे असेल तर इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग), ऑइल सील (क्रँककेसमधून बाहेर येणाऱ्या शाफ्टभोवतीचे रबरी कडे) किंवा कार्बोरेटरमध्ये उकळणारे पेट्रोल यांच्याकडे पाहावे. पंधरा-वीस मिनिटे काम केल्यावर इंजिन भुकेले होऊन बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण सैल केल्याबरोबर ठीक होत असेल, तर टाकीचा श्वासमार्ग तुंबलेला आहे, आणि त्यासाठी कार्बोरेटर उघडण्याची काहीच गरज नाही.

करवत तिरपी केल्यावर फेरे बदलत असतील तर निदानात विशेष काळजी घ्यावी, कारण इथे दोन अगदी विरुद्ध कारणे सारखीच दिसतात. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर ते क्रँककेसच्या तळाशी साचते, करवतीचे टोक खाली केले की ते वाहत पुढे येते, इंजिन धूर काढते आणि फेरे पडतात. क्रँकशाफ्टचे बेअरिंग झिजले असेल तर करवत आडवी केल्यावर शाफ्ट किंचित सरकतो, सीलची कड त्याला सोडते, हवा आत जाते आणि फेरे चढतात. म्हणजे तिरपे केल्यावर फेरे पडतात की चढतात आणि सोबत धूर आहे की नाही, एवढे नीट पाहिले तरी शोधाची दिशा ठरते. बिघाड सांगताना नुसते स्लो नीट बसत नाही असे न सांगता हे तपशील सांगितले, तर दुरुस्त करणाऱ्याचा बराच वेळ वाचतो.

सुरुवात साध्या गोष्टींनी करावी, आणि त्यांवर फार वेळ घालवण्याची गरज नाही. टाकीतले जुने पेट्रोल काढून ताजे मिश्रण भरावे. तेलाचे प्रमाण त्या करवतीच्या पुस्तिकेप्रमाणे असावे. ५० ला १ या प्रमाणात एका लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागते, तर जुन्या अनेक करवतींसाठी सांगितलेल्या २५ ला १ या प्रमाणात ४० मिलिलिटर. हवेचा फिल्टर, टाकीतल्या नळीच्या टोकाचा फिल्टर आणि सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी स्वच्छ करावी. ही जाळी काजळीने भरली की इंजिन गुदमरते आणि दोष कार्बोरेटरच्या माथी येतो. प्लग नवा घालून त्याची फट ०.५ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी. चोकची झडप पूर्ण उघडते का आणि कार्बोरेटरचे नट आवळलेले आहेत का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. इंधनाची नळी टाकीच्या भिंतीतून जिथे बाहेर येते तिथेच बहुधा चिरते, आणि ती चीर नळी हाताने वाकवून पाहिल्याशिवाय दिसत नाही. चिरलेल्या नळीतून पेट्रोल सांडतेच असे नाही, अनेकदा ती फक्त हवा ओढते.

यानंतर इंजिनची प्रकृती पाहावी. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन आणि रिंग बघता येतात आणि हे काम दोन बोल्टांचे असते, तरीही ते क्वचितच केले जाते. पिस्टनवर उभे ओरखडे दिसले, तर कार्बोरेटरमध्ये कितीही वेळ घालवला तरी करवत सुधारणार नाही आणि ते ओरखडे कशामुळे पडले याचा शोध अधिकच आवश्यक ठरतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजण्याचे साधन असेल तर साधारण १० बार किंवा त्याहून अधिक दाब समाधानकारक समजावा, आणि ७ बारच्या आसपास आलेले इंजिन थकले आहे असे धरावे. कॉम्प्रेशन चांगले असेल आणि पिस्टन स्वच्छ असेल, तर जुनी करवत दुरुस्त करण्यात घातलेली मेहनत वाया जात नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो. मॅग्नेशियमच्या कवचाच्या, वजनदार आणि साध्या बांधणीच्या त्या करवती रबराचे काही भाग बदलले की पुन्हा वर्षानुवर्षे चालतात.

आता मुख्य तपासणीकडे येतो. क्रँककेसची दाब-परीक्षा आणि निर्वात-परीक्षा या दोन्ही हातपंपाने होतात आणि त्यांसाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही. सायलेन्सरच्या जागी रबराचा तुकडा आणि त्यावर पट्टी लावून एक्झॉस्टचे तोंड बंद करावे, कार्बोरेटर काढून त्या जागी नळी जोडता येईल अशी पट्टी बसवावी, प्लग घट्ट असावा, आणि क्रँककेसच्या स्पंदनांची नळी वेगळी असेल तर ती बंद करावी किंवा तिच्यातूनच पंप जोडावा. साधारण ०.५ बार दाब भरून काटा स्थिर राहतो का ते किमान वीस सेकंद पाहावे. काटा घसरत असेल तर साबणाचे पाणी सीलभोवती, सिलिंडरच्या पायथ्याच्या गॅस्केटवर, कार्बोरेटरमागच्या रबरी नळकांड्यावर आणि असेल तर डीकॉम्प्रेशन व्हॉल्व्हवर (सुरू करताना सिलिंडरमधला दाब सोडणाऱ्या झडपेवर) लावावे. बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. क्लच आणि फ्लायव्हीलच्या मागे दडलेल्या सीलपर्यंत पोचण्यासाठी ते भाग काढावे लागतात. हे कष्टाचे असले तरी अंदाजाने भाग बदलत राहण्यापेक्षा कमी कष्टाचे आहे.

दाब टिकला म्हणून तिथेच थांबू नये, हा मुद्दा मला आग्रहाने मांडायचा आहे. सीलची कड आतल्या बाजूला वळलेली असते, त्यामुळे आतून दाब आला की ती शाफ्टवर अधिकच घट्ट बसते आणि झिजलेले सीलसुद्धा दाब-परीक्षेत उत्तीर्ण होते. निर्वात तयार झाला की तीच कड शाफ्टपासून उचलली जाते. चालत्या इंजिनात हवा आत शिरते ती याच अर्ध्या फेऱ्यात. म्हणून पंप उलटा जोडून ०.५ बारचा निर्वात तयार करावा आणि तोही वीस सेकंद पाहावा. या अवधीत निर्वात किंचित उतरला, म्हणजे साधारण ०.३ बारच्या खाली गेला नाही, तर सील ठीक समजण्याची पद्धत आहे. परीक्षा चालू असताना शाफ्ट हळूहळू फिरवावा आणि थोडा वर-खाली हलवून पाहावा, कारण काही गळत्या शाफ्टच्या एका विशिष्ट स्थितीतच उघड होतात. फ्लायव्हील हाताने धरून वर-खाली हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर दोष सीलचा नसून बेअरिंगचा आहे, आणि तिथे नुसते नवे सील घातले तर तेही थोड्याच दिवसांत जाईल.

गळती शोधण्यासाठी चालत्या इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारून फेरे बदलतात का हे पाहण्याची रीत बऱ्याच ठिकाणी आहे. ती बंद व्हावी असे मला कळकळीने वाटते. चेनसॉमध्ये तापलेला सायलेन्सर फवारणीच्या जागेपासून बोटभर अंतरावर असतो, करवत हातात असते आणि साखळी फिरण्याच्या स्थितीत असते. साबणाचे पाणी आणि हातपंप हेच काम अधिक अचूक करतात आणि कोणाला भाजत नाहीत.

क्रँककेस निर्दोष ठरली की मगच कार्बोरेटर उघडावा. १९४० च्या दशकातील अनेक चेनसॉमध्ये तरंगता गोळा असलेला कार्बोरेटर होता आणि तो सरळ राहावा म्हणून इंजिन उभे ठेवून करवतीचे पाते फिरवावे लागे. १९५० च्या दशकात पडद्याचा, म्हणजे डायफ्रामचा कार्बोरेटर रूढ झाला आणि करवत कोणत्याही कोनात चालू लागली. तिलोत्सन, वॉलब्रो आणि झामा ही नावे जुन्या करवतींच्या कार्बोरेटरवर आढळतात आणि सर्वांचे मूळ तत्त्व एकच आहे. एका बाजूचा पडदा क्रँककेसच्या स्पंदनांवर हलून टाकीतून पेट्रोल ओढतो. दुसऱ्या बाजूचा पडदा इंजिनाच्या मागणीनुसार हलतो आणि एका लहान तरफेमार्फत सुई उघडून तेवढेच पेट्रोल आत सोडतो. हा दुसरा पडदा कागदासारखा कडक झाला की तो वेळेवर हलत नाही आणि आयडलिंग डळमळू लागते. पडदा बोटाने दाबला असता मऊ, लवचिक असावा. दाबल्यावर कडकड वाजत असेल तर तो बदलावा. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल हवेतला ओलावा शोषते आणि महिनोन्महिने टाकीत राहिले तर पडदे व नळ्या लवकर कडक करते, म्हणून करवत दीर्घकाळ ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावे.

सुई आणि तरफ यांच्याकडे मात्र सावकाश लक्ष द्यावे, कारण आयडलिंगचे सर्वांत जास्त प्रश्न इथे असतात. सुईच्या टोकावर झिजेचे कडे दिसत असेल किंवा तिच्या बैठकीत कचऱ्याचा कण अडकला असेल, तर ती पूर्ण मिटत नाही, पेट्रोल झिरपत राहते आणि इंजिन आयडलिंगला भरून येते. इंधनाच्या नळीच्या तोंडातून साधारण ०.५ ते ०.८ बार दाब भरल्यावर तो टिकला पाहिजे. टिकत नसेल तर सुई किंवा तिची बैठक दोषी आहे. तरफेची उंची चुकली तरी हाच परिणाम होतो. उंची जास्त झाली तर पेट्रोल जास्त येते, कमी झाली तर इंजिन भुकेले राहते. ही उंची प्रत्येक कार्बोरेटरची वेगळी असते आणि ती त्या त्या कंपनीच्या मापपट्टीने किंवा पुस्तिकेतल्या सूचनेप्रमाणेच ठेवावी. तरफ नजरेच्या अंदाजाने वाकवू नये. पडदा आणि गॅस्केट यांचा क्रम उघडतानाच फोटो काढून नोंदवावा, कारण तो क्रम उलटा झाला की पडदा आणि तरफ यांमधले अंतर बदलते आणि नवे भाग घालूनही बिघाड तसाच राहतो. आयडलिंगची बारीक छिद्रे तारेने कोरू नयेत. तारेने छिद्र मोठे झाले तर तो कार्बोरेटर पुन्हा कधीच नीट लागत नाही. शुद्ध द्रावकात भिजवून हलक्या हवेने ती उघडतात. मुख्य नळीत एकदिशा झडप असते, तिच्यावर जोरदार हवा मारू नये.

थ्रॉटलचा दांडा आणि त्याची भोके झिजली असतील तर तिथूनही हवा शिरते आणि चकती दर वेळी वेगळ्या जागी बसते. अशा कार्बोरेटरला नवे पडदे घालून उपयोग होत नाही, तो बदलावा. इथे माझे स्पष्ट मत असे आहे की संपूर्ण कार्बोरेटर बदलणे हा निदानाचा शेवटचा टप्पा असावा, पहिला नव्हे. नवा कार्बोरेटर थोडे अधिक पेट्रोल देत असेल तर गळक्या सीलची करवतसुद्धा काही दिवस ठीक चालते, मालकाची खात्री पटते, आणि गळती तशीच राहून पुढे पिस्टन जातो.

आता त्या तीन स्क्रूंविषयी. त्यांतला एक, टी किंवा एलए असे लिहिलेला, फक्त थ्रॉटलची चकती किती उघडी राहावी हे ठरवतो. मिश्रणाशी त्याचा थेट संबंध नाही. एल स्क्रू कमी फेऱ्यांचे मिश्रण ठरवतो आणि एच स्क्रू जास्त फेऱ्यांचे. शेवटचे दोन आत फिरवले की मिश्रण लीन होते. हुस्क्वार्नाच्या ऑटोट्यून आणि श्टिलच्या एम-ट्रॉनिक अशा अलीकडच्या व्यवस्थांत हे काम इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करते, त्यांना हे वर्णन लागू नाही. जुन्या करवतीत दोन्ही मिश्रण-स्क्रू हलक्या हाताने तळाशी टेकवून तिथून साधारण एक फेरा बाहेर काढणे ही अनेक कार्बोरेटरसाठी सुरुवातीची जागा असते. जोर लावून टेकवले तर सुईचे टोक आणि बैठक दोन्ही खराब होतात. त्या करवतीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा मानावा. इंजिन गरम झाल्यावर एल स्क्रू दोन्ही बाजूंना हळूहळू फिरवून फेरे सर्वांत जास्त होतात ती जागा शोधावी, आणि तिथून थोडासा बाहेर काढावा, म्हणजे ट्रिगर दाबल्यावर इंजिन न अडखळता उठेल. त्यानंतर टी स्क्रूने फेरे खाली आणावेत.

एल स्क्रू हे निदानाचेही साधन आहे. तो दोन फेऱ्यांहून जास्त बाहेर काढल्याशिवाय इंजिन चालत नसेल, तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा आयडलिंगची वाट तुंबली आहे. तो जवळजवळ मिटवला तरी इंजिन चालत राहत असेल, तर पेट्रोल दुसऱ्याच वाटेने, बहुधा गळक्या सुईतून, येत आहे. आणि त्याला फिरवून काहीच फरक पडत नसेल, तर स्क्रू फिरवणे ताबडतोब थांबवून वर सांगितलेल्या परीक्षांकडे परतावे. एच स्क्रूच्या बाबतीत नियम असा की तो कधीही अंदाजाने लीन करू नये. पूर्ण थ्रॉटलला, लाकडाबाहेर, इंजिनाचा आवाज किंचित फुटका असावा आणि लाकडात भार पडल्यावर तो स्वच्छ व्हावा. ज्या करवतींच्या कॉइलमध्ये फेऱ्यांची मर्यादा बसवलेली असते, त्यांत ती मर्यादासुद्धा तसाच फुटका आवाज करते, म्हणून तिथे कानावर न विसंबता टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजणारे साधन, वापरावा.

इग्निशनबद्दल थोडक्यात. १९७० च्या दशकात चेनसॉमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन पसरू लागले, पण त्याआधीच्या आणि नंतरच्याही काही करवतींत पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे धातूचे संपर्क) आणि कंडेन्सर असतात. पॉइंटची फट बहुधा ०.३ ते ०.४ मिलिमीटर असते. बेअरिंग झिजले की ही फट फेऱ्यागणिक बदलते, ठिणगीची वेळ सरकते आणि आयडलिंग विस्कळीत होते. म्हणजे एकाच बेअरिंगची झीज सीलमधून हवा आणि पॉइंटमधून चुकीची ठिणगी असे दोन दोष एकदम दाखवू शकते, आणि त्यातला फक्त एक दुरुस्त केला तर काम अर्धेच होते. कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यातले अंतर साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असावे. फ्लायव्हीलची चावी कापली गेली असेल तर ठिणगीची वेळच बदलते, आणि इंजिन सुरू करताना दोरी हाताला झटका देत असेल तर ही चावी आधी पाहावी.

क्लचचा विषय सुरक्षिततेचा असल्याने तो मी शेवटी पण सविस्तर मांडतो. आयडलिंगला साखळी स्थिर उभी राहिली पाहिजे, यात कोणतीही सवलत नाही. साखळी सरकत असेल तर टी स्क्रू बाहेर काढून फेरे कमी करावेत. त्या फेऱ्यांना इंजिन बंद पडत असेल, तर वर वर्णन केलेला दोष अजून बाकी आहे. आणि फेरे योग्य असूनही साखळी सरकत असेल, तर क्लचच्या स्प्रिंगा सैल पडल्या आहेत किंवा तुटल्या आहेत, त्या जोडीने बदलाव्यात. क्लच ड्रमच्या आतले सुईचे बेअरिंग कोरडे पडले तरी ड्रम शाफ्टबरोबर ओढला जातो. याच्या उलट, साखळीचा ब्रेक अर्धवट घासत असेल किंवा साखळी अति ताणलेली असेल आणि क्लच सुटत नसेल, तर आयडलिंगवर भार येऊन इंजिन बंद पडते, आणि मालक कार्बोरेटरला दोष देतो. झाडावर चढलेल्या किंवा फांद्यांत उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आयडलिंगला सरकणारी साखळी असणे म्हणजे त्याच्या मांडीजवळ चालू करवत असणे होय. स्क्रू आत फिरवून बंद पडणारे इंजिन जागे ठेवण्याला माझा जो विरोध आहे, त्याचे पिस्टनइतकेच मोठे कारण हे आहे.

दुरुस्ती पूर्ण झाली असे म्हणण्याआधी करवत गरम करून उभी, दोन्ही कुशींवर आणि टोक खाली अशा सर्व स्थितींत धरून पाहावी. प्रत्येक स्थितीत फेरे सारखे राहावेत, पूर्ण थ्रॉटलवरून ट्रिगर सोडल्यावर ते ताबडतोब खाली यावेत आणि साखळी थांबावी. ही पाहणी मोकळ्या हवेत, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून, करवत दोन्ही हातांनी पकडून करावी. क्लचचे झाकण काढलेल्या करवतीत इंजिन रेस करू नये, कारण अनेक रचनांत ब्रेकची पट्टी त्या झाकणातच असते.

दुरुस्ती करणाऱ्या सर्व कारागिरांना माझी विनंती आहे की जुन्या चेनसॉच्या दुरुस्तीच्या पावतीवर दाब आणि निर्वात या दोन्ही परीक्षांचे आकडे आणि ते किती सेकंद टिकले हे लिहून द्यावे. आणि मालकांना विनंती आहे की त्यांनी हे आकडे मागावेत, ते नसतील तर नवा कार्बोरेटर घेण्याचे थांबवावे. उत्पादकांनी जुन्या करवतींची सील, रबरी नळकांडी आणि डायफ्रामचे संच मिळत राहतील याची व्यवस्था ठेवावी, तसेच तरफेची उंची, स्क्रूंची सुरुवातीची जागा आणि आयडलिंगचे फेरे हे आकडे बंद झालेल्या मॉडेलांसाठीही सर्वांना खुले करावेत. हे आकडे हाताशी नसल्यामुळेच अनेक चांगल्या करवती अंदाजाने लावल्या जातात.

आपला नम्र,
जुनी इंजिने दुरुस्त करणारा एक वाचक